मृत्युशय्येवरचा दशावतार

मुंबईच्या मूळ सात बेटांपैकी माझगाव हे एक. पोर्तुगीज अमदानीत हे गाव एका घराण्याला वंशपरंपरेने बहाल झालेले होते. पुढे इंग्रजांच्या राज्यात कोळ्यांच्या होड्या, वर्षातून दोनदा फळणारे आंबे आणि गोऱ्या अंमलदारांचे बंगले यांसाठी त्याचे नाव झाले. आणि एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात गोद्या, वखारी व कारखाने यांनी त्याचे रूप इतके पालटले की जुन्या माझगावच्या खुणा आज मुद्दाम शोधाव्या लागतात. या दाट वस्तीत ताजमहालाची आठवण करून देणारी एक पांढरी घुमटाकार वास्तू आहे, तिचे नाव हसनाबाद. इराणात जन्मलेले, सिंधच्या वाटेने हिंदुस्थानात आलेले आणि १८८१ च्या एप्रिलात मुंबईत निवर्तलेले हसन अली शाह, म्हणजे पहिले आगाखान, यांची ही कबर. त्यांच्यानंतरच्या आगाखानांपैकी दुसरे इराकात नजफ येथे आणि तिसरे व चौथे इजिप्तमध्ये आस्वान येथे विसावले. हिंदुस्थानच्या भूमीत आहेत ते एवढे एकच.

या कबरीत विसावलेल्या पुरुषाच्या हयातीत, आणि त्याच्याच विरुद्ध, मुंबईच्या उच्च न्यायालयात जो दावा चालला, त्याची हकीकत सांगण्याचा येथे विचार आहे. वरवर पाहता तो जमातखाना, दफनभूमी, भांडीकुंडी आणि वर्गणीचा पैसा यांच्या मालकीचा तंटा होता. परंतु त्याचा निकाल लावताना न्यायाधीशाला जो प्रश्न सोडवावा लागला तो नचिकेत्याने यमाच्या दारात विचारलेल्या प्रश्नाच्या फार जवळचा होता. माणूस म्हणजे नेमके काय, देह पडल्यावर त्यातले काय उरते, आणि उरणारे ते कोणत्या खुणेने ओळखावे, हा तो प्रश्न.

दाव्यातील पक्षकार होते खोजा. सिंध, कच्छ व काठेवाड येथील लोहाणा आदी हिंदू जातींतून या जमातीचे पूर्वज आले, आणि पीर सद्रुद्दीन या धर्मप्रसारकाने त्यांना इस्लामची दीक्षा दिली, अशी परंपरा आहे. व्यापाराच्या निमित्ताने ते मुंबईत आले, डोंगरी, उमरखाडी, मांडवी या भागांत स्थिरावले आणि सचोटीने व काटकसरीने संपन्न झाले. त्यांचा कारभार मुखी व कामडिया हे अधिकारी जमातखान्यातून पाहत. मुखी हा जमातीचा प्रमुख आणि कामडिया हा तिचा हिशेबनीस. उत्पन्नाचा ठरावीक हिस्सा, ज्याला दसोंद म्हणत, तो इराणातील इमामाकडे रवाना होई. ही वहिवाट पिढ्यान् पिढ्या चालत आली होती, आणि ती का चालते हे कोणी फारसे विचारीत नव्हते.

ते विचारणारे निघाले १८२९ च्या सुमारास. हबीब इब्राहीम यांच्या पुढाकाराने काही प्रतिष्ठित खोजांनी दसोंद देण्याचे नाकारले आणि त्यांना जमातीबाहेर काढण्यात आले. हे लोक बारभाई या नावाने प्रसिद्ध झाले. पुणे दरबारच्या बारभाईंशी त्यांचा अर्थातच काही संबंध नाही. काही वर्षांनी त्यांना पुन्हा जमातीत घेतले गेले, तरी तेढ मिटली नाही. १८४७ साली वारसाहक्काचा तंटा मुंबईच्या सुप्रीम कोर्टात सर अर्स्किन पेरी यांच्यापुढे आला. बापाच्या मिळकतीत मुलींना कुराणाप्रमाणे वाटा मिळावा, असे मुलींच्या बाजूचे म्हणणे होते. खोजांची पूर्वापार चाल मात्र हिंदूंप्रमाणे मुलगेच वारस धरण्याची होती. पेरी यांनी चालीच्या बाजूने निवाडा दिला. धर्माने मुसलमान, वारशाने हिंदू अशी ही स्थिती कायद्याच्या दप्तरात नोंदली गेली, आणि एका माणसाच्या ठायी दोन ओळखी एकाच वेळी नांदू शकतात, हे सरकारदरबारी मान्य झाले. परंतु तंटा कागदावर राहिला नाही. १८५० साली माहीमच्या जमातखान्यात बारभाईंच्या पक्षातील चौघांचा खून झाला.

ज्यांच्याभोवती हे सर्व घडत होते ते इमाम हसन अली शाह त्या वेळी मुंबईत येऊन राहिले होते. त्यांचा जन्म १८०४ चा. १८१७ मध्ये त्यांचे वडील शाह खलीलुल्ला यांची यझ्द शहरात दंगलीत हत्या झाली, तेव्हा इराणचा बादशहा फत अली शाह याने या पोरक्या मुलाचा मान राखून त्याला आगाखान हा किताब दिला व आपली कन्या दिली. पुढच्या बादशहाच्या कारकीर्दीत ते केरमानच्या सुभेदारीवर होते. तेथे दरबाराशी बिनसले, लढाया झाल्या, आणि १८४१ मध्ये त्यांना इराण सोडून अफगाणिस्तानात यावे लागले. कंदाहार व सिंध येथील मोहिमांत त्यांनी इंग्रजांना साहाय्य केले. इराण सरकारच्या तगाद्यामुळे काही काळ त्यांना कलकत्त्यास ठेवण्यात आले. आणि १८४८ च्या अखेरीस ते मुंबईत कायमचे राहावयास आले. इराणात असताना जो इमाम मुंबईच्या खोजांना केवळ नावाने ठाऊक होता, ज्याच्या दर्शनासाठी समुद्र आणि वाळवंट ओलांडून यात्रा करावी लागे, तो आता त्यांच्याच शहरात राहू लागला. दूरच्या श्रद्धास्थानाला दिलेली दसोंद ही भक्ती होती. शेजारी राहणाऱ्या आगाखानांना दिलेली दसोंद हा, काहींच्या दृष्टीने, हिशेबाचा विषय झाला.

१८६१ च्या ऑक्टोबरात आगाखानांनी एक जाहीरनामा काढला. आपल्या पूर्वजांनी संकटकाळी स्वतःचा पंथ लपवून ठेवला होता. इंग्रजी राज्यात त्याची गरज उरलेली नाही. तेव्हा लग्ने व अंत्यविधी यापुढे उघडपणे शिया इमामी इस्माइली रीतीने करावेत, आणि हे ज्यांना मान्य असेल त्यांनी सही करावी, असा त्याचा आशय होता. त्यापूर्वी खोजांचे निकाह सुन्नी काझी लावीत आणि मयताची नमाजही सुन्नी रीतीनेच होई. बहुसंख्यांनी सह्या केल्या, थोड्यांनी नाकारल्या. नाकारणाऱ्यांचे म्हणणे सरळ होते: आमचे बाप सुन्नी काझीच्या हातून विवाहित झाले आणि त्याच रीतीने पुरले गेले, मग आम्ही सुन्नी नाही तर कोण? या मूठभर लोकांनीच १८६६ साली अॅडव्होकेट जनरलच्या नावे फिर्याद दाखल केली. जमातीची मालमत्ता धर्मादाय आहे, जमात मुळात सुन्नी आहे, सबब आगाखानांना तिच्या कारभारात हात घालण्याचा अधिकार नाही, असे त्यांचे मागणे होते.

तो काळही ध्यानात घ्यावा. अमेरिकेतील यादवी संपून कापसाचे भाव कोसळले, १८६५ च्या जुलैत शेअरांचा फुगा फुटला, आणि काल लक्षाधीश असलेली घराणी आज दिवाळे काढून बसली. याच शहराने चार वर्षांपूर्वी एका वैष्णव महाराजांनी भरलेला महाराज लायबल खटला पाहिला होता, आणि त्यात निर्भीडपणे साक्ष देणाऱ्या डॉ. भाऊ दाजी लाड यांचे नाव सुशिक्षितांच्या तोंडी होते. त्या खटल्यात सर मॅथ्यू सॉस यांच्यासमवेत न्यायासनावर बसलेले सर जोसेफ आर्नोल्ड हेच खोजांच्या दाव्याचे न्यायाधीश होते. गुरूच्या अधिकाराचा वाद न्यायालयात आल्याचा हा चार वर्षांतला दुसरा प्रसंग होता, आणि अनेकांना निकालही पहिल्यासारखाच गुरूच्या विरुद्ध लागेल, असे वाटत असल्यास नवल नाही.

आगाखानांच्या वतीने हॉवर्ड या बॅरिस्टरांनी जूनमध्ये केलेले भाषण पुढे पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाले, इतका त्यात शिया पंथाच्या इतिहासाचा ऊहापोह होता. न्यायालयासमोर जाबजबाब झाले, जुने हिशेब आले, इराणात पाठवलेल्या वर्गण्यांचा आणि इमामाच्या दर्शनासाठी केलेल्या यात्रांचा पुरावा आला. प्रेषितांच्या निधनानंतर वारसा कोणाकडे जावा येथपासून सुरू झालेला हा इतिहास, हसन सब्बाह या इस्माइली पुढाऱ्याने १०९० मध्ये इराणातला अलमूतचा किल्ला घेतला तेथून हुलागूच्या मंगोल फौजांनी १२५६ मध्ये तो जमीनदोस्त केला तेथपर्यंत, मुंबईच्या एका दिवाणी दाव्यात उलगडला गेला. त्या अलमूतच्या इतिहासातली एक गोष्ट आपल्या विषयाच्या दृष्टीने विशेष लक्षणीय आहे. ११६४ च्या ऑगस्टात तेथील धर्माधिपतीने कयामत झाल्याची घोषणा केली. थडगी उघडली नाहीत, आकाश दुभंगले नाही. मृतांचे उठणे म्हणजे जिवाला सत्याचे, अर्थात इमामाचे, ज्ञान होणे, आणि नरक म्हणजे त्या ज्ञानाला मुकणे, असा त्या घोषणेचा अर्थ लावला गेला. मरणोत्तर जीवन काळाच्या शेवटी नसून जिवाच्या आत आहे, ही कल्पना आपल्या वेदान्त्यांना अपरिचित वाटणार नाही.

या पंथाच्या विचारात जाहिर आणि बातिन, म्हणजे बाह्य आणि आंतर, असा भेद मूलभूत आहे. ग्रंथाला बाह्य अर्थ असतो आणि आंतर अर्थ असतो. आचारालाही तसेच दोन पदर असतात. आणि छळाच्या काळात बाह्य आचार बदलून आंतरिक निष्ठा राखणे, ज्याला तकिया म्हणतात, हे या पंथात निषिद्ध तर नाहीच, उलट कर्तव्य मानले गेले आहे. दाव्याचा सगळा पीळ येथे होता. फिर्यादी पक्ष बाह्य आचारावर बोट ठेवीत होता: काझी सुन्नी, निकाह सुन्नी, दफन सुन्नी. प्रतिवादी पक्ष म्हणत होता की हे सर्व देहापुरते आहे. जमातीचा आत्मा कोठे आहे ते पाहावयाचे तर दुसरीकडे पाहावे लागेल. पण आत्मा साक्षीदाराच्या पिंजऱ्यात कसा उभा करावा? तकिया मान्य केली की बाह्य पुरावा दुबळा होतो, आणि आंतरिक पुराव्याला तर साक्षीदारच नसतो. न्यायाधीशापुढे अशी ही अडचण होती.

तिच्यातून मार्ग काढला एका पोथीने. पीर सद्रुद्दीन यांच्या नावावर असलेला दशावतार हा ग्रंथ खोजांच्या गिनानांपैकी, म्हणजे त्यांच्या धर्मपदांपैकी, अत्यंत मान्यतेचा. त्याची दहा प्रकरणे आहेत. पहिल्या नऊ प्रकरणांत विष्णूच्या नऊ अवतारांचे वर्णन येते, आणि दहाव्या प्रकरणात, जेथे हिंदू वाचक कल्कीची अपेक्षा करील, तेथे हजरत अली येतात. कोकणातून मुंबईत आलेल्या चाकरमान्याला दशावतार म्हटले की गावच्या जत्रेतला, रात्र जागवणारा खेळ आठवतो. खोजा कुटुंबाला तेच नाव ऐकून एक निराळी रात्र आठवत असे. घरातील कर्त्या पुरुषाचा किंवा म्हातारीचा श्वास लागला, वैद्य-हकिमांनी हात टेकले, की उशाशी दशावताराची पोथी उघडली जाई. करबलाच्या मातीचा अंश मिसळलेल्या पाण्याचे थेंब मरणाऱ्याच्या चेहऱ्यावर व गळ्यावर शिंपडीत, अशासाठी की अखेरच्या घटकेला सैतानाने त्याचे मन ढळवू नये. आणि पोथी वाचणारा मत्स्यापासून आरंभ करून, एकेक देह धारण करून पुन्हा टाकून देणाऱ्या त्या एकाच तत्त्वाची कथा सांगत सांगत दहाव्या प्रकरणापर्यंत येई. जो देह आता टाकला जाणार आहे त्याच्या कानांवर, देह बदलूनही जे बदलत नाही त्याची हकीकत पडत असे.

प्रत्येक खोजाच्या मृत्युशय्येशी ही पोथी वाचली जाते, या गोष्टीला आर्नोल्ड यांनी आपल्या निकालपत्रात महत्त्व दिले. त्यामागचे मर्म ध्यानात येण्यासारखे आहे. लग्नात काझी कोण हे शेजाऱ्यांना दिसते, दफन कसे झाले हे गावाला दिसते. तेथे भीती, लाज, व्यवहार या सर्वांना वाव असतो. परंतु ज्याला आता कोणाचे भय उरलेले नाही आणि कोणाकडून काही मिळवायचे नाही, त्याच्या उशाशी बसून त्याची माणसे जे वाचतात, त्यात लपवाछपवी कशासाठी असेल? सुन्नी मनुष्य आपल्या मरत्या बापाला अली हा दहावा अवतार असल्याचे ऐकवणार नाही. १२ नोव्हेंबर १८६६ रोजी आर्नोल्ड यांनी निवाडा दिला: खोजा हे मूळच्या हिंदू पूर्वजांचे वंशज असून शिया इमामी इस्माइली पंथात आलेले व त्यातच अखंड राहिलेले लोक आहेत, आणि त्या पंथाच्या वंशपरंपरागत इमामाशी ते आध्यात्मिक निष्ठेने बांधलेले आहेत. दावा निकाली निघाला. आगाखानांचा अधिकार कायम झाला. सह्या न करणारे वेगळे झाले.

येथे तत्त्वज्ञानातील एका जुन्या वादाचे स्मरण होते. इंग्लंडात जॉन लॉक याने सतराव्या शतकाच्या अखेरीस असे प्रतिपादले की माणसाचे एकपण त्याच्या देहात नसून त्याच्या स्मृतीत आहे. राजपुत्राच्या स्मृती चांभाराच्या देहात शिरल्या तर तो राजपुत्रच मानावा. बौद्धांच्या मिलिंदप्रश्नात नागसेन मिनँडर राजाला सांगतो की रात्रभर जळणाऱ्या दिव्याची पहिल्या प्रहरीची ज्योत आणि शेवटच्या प्रहरीची ज्योत एक नव्हे आणि निराळीही नव्हे. खोजांचा इमाम हा असाच एक दिवा; नूर, म्हणजे दैवी प्रकाश, एका देहातून दुसऱ्या देहात जातो, व्यक्ती मरते, इमाम मरत नाही. इस्माइली शास्त्रकार पुनर्जन्म मानीत नाहीत. तरी गिनानांत चौऱ्याऐंशी लक्ष योनींचे फेरे आढळतात, कारण ज्यांना ती पदे सांगायची होती त्यांच्या मनात जिवाची कल्पना त्याच भाषेत वसलेली होती. श्रीगोंद्याच्या शेख महंमदांनी योगसंग्राम मराठीत लिहिला तो याच न्यायाने. दीक्षा बदलली तरी परलोकाचा नकाशा मनुष्य सहसा आईच्या भाषेतलाच बाळगतो.

याच निकालानंतर साडेचार महिन्यांनी, ३१ मार्च १८६७ रोजी, मुंबईत डॉ. आत्माराम पांडुरंग यांच्या पुढाकाराने प्रार्थना समाज स्थापन झाला, आणि ईश्वर अवतार घेत नाही हे त्याचे एक प्रमुख मत ठरले. एकाच शहरात, एकाच वर्षाच्या आत, एका जमातीचे अस्तित्व अवतारावरील श्रद्धेच्या बळावर न्यायालयात टिकले आणि दुसऱ्या मंडळीने अवतार नाकारून आपला पाया घातला. १८७९ मध्ये मादाम ब्लाव्हाट्स्की व कर्नल ऑल्कॉट गिरगावात येऊन राहिले आणि त्याच वर्षी त्यांनी थिऑसॉफिस्ट हे मासिक सुरू केले, तेव्हा सुशिक्षित मुंबईकरांत आत्म्याची चर्चा फॅशन म्हणावी इतकी वाढली. परंतु खोजांच्या दाव्यात ती चर्चा ज्या गांभीर्याने झाली तसे गांभीर्य व्याख्यानाच्या सभागृहात क्वचितच येते, कारण येथे उत्तर चुकले तर माणसाची दफनभूमी बदलणार होती.

आणि ती पुढे खरोखरच बदलली. विसाव्या शतकाच्या आरंभी खोजांतील आणखी एक गट बारा इमाम मानणारा इस्नाअशरी म्हणून उघडपणे वेगळा झाला. त्यांची आरामबाग ही दफनभूमीही माझगावातच आहे. तेथे १९२९ च्या फेब्रुवारीत रतनबाई जिना यांचे दफन झाले. त्या सर दिनशा पेटिट यांच्या कन्या, जन्माने पारशी. १९१८ च्या एप्रिलात त्यांनी इस्लाम स्वीकारून खोजा घराण्यातील बॅरिस्टर जिना यांच्याशी विवाह केला, आणि आपल्या एकोणतिसाव्या वाढदिवशी त्या निवर्तल्या. उत्तरायुष्यात मृतात्म्यांशी संपर्क साधता येतो काय या विषयाकडे त्यांचे मन फार ओढले गेले होते, असे त्यांचे थिऑसॉफिस्ट स्नेही कानजी द्वारकादास यांनी लिहून ठेवले आहे. मलबार हिलवर दख्मा आहे, सोनापुरात चिता आहे, पण त्यांची माती माझगावच्या खोजांत मिसळली. कधीही भावना न दाखवणारे जिना त्या कबरीपाशी ढसढसा रडले, ही गोष्ट तेथे असलेल्यांनी नमूद केली आहे. पुढे पाकिस्तानचे संस्थापक म्हणून ते कराचीत चिरविश्रांती पावले. पत्नी येथेच राहिली.

हसनाबाद आणि आरामबाग ही दोन्ही स्थळे एकाच माझगावात आहेत, आणि दोन्ही पक्षांतील अनेकांचे पणजोबा एकाच जमातखान्यात, एकाच मुखीसमोर बसत होते. आगाखानांचे माझगावातील निवासस्थान आगा हॉल. त्या आवारात १९४५ साली प्रिन्स अली खान रुग्णालय सुरू झाले, आणि सर्व धर्मांच्या मुंबईकरांनी तेथे आजारपणे काढली. १९३७ च्या शरियत कायद्याने खोजांच्या वारशाची पेरीकालीन चाल बरीचशी मागे पडली. दाव्यातील मालमत्तेचे मूल्य आज कोणाच्या स्मरणात नाही.

न्यायालयाने १८६६ साली निकाल दिला तो मालमत्तेचा. आत्म्याचा निकाल कोणतेही न्यायालय देऊ शकत नाही. परंतु त्या निकालाने एक कसोटी मात्र आपल्या हाती दिली आहे, आणि ती आजच्या वाचकालाही लागू करता येईल. जनगणनेच्या कागदावर आपण काय लिहितो, लग्नात कोणता भटजी वा काझी बोलावतो, कोणत्या सणाला कोणते कपडे घालतो, यावरून आपण कोण हे पूर्णपणे ठरत नाही. ज्याची त्याने आपल्या घरापुरती चौकशी करावी: आपल्या आजोबांच्या उशाशी अखेरच्या रात्री काय वाचले गेले होते, आणि आपल्या उशाशी काय वाचले जावे असे आपल्याला वाटते? ज्या घरात या दोन प्रश्नांचे उत्तर एक आहे, त्या घरातला माणूस मेला तरी त्याचे काहीतरी निश्चितपणे पुढे चालत आहे. आणि ज्या घरात उत्तरे निराळी आहेत, तेथे ती का निराळी झाली हे मुलाबाळांना स्पष्ट सांगून ठेवणे, हे हयात असलेल्यांचे कर्तव्य आहे.